बाकावरचा बारावा मुलगा: हायट्सव्हिलच्या डीमॅथा शाळेबद्दल

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे भाऊ-वहिनी दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत मेरीलँडला गेले. भाचा तेरा वर्षांचा, उंची पाच फूट सहा इंच, इथे असताना शाळेच्या बास्केटबॉल संघात होता. पुढच्या वर्षी तो नववीत जाईल. घराजवळ हायट्सव्हिल गावात डीमॅथा नावाची मुलांची कॅथलिक शाळा आहे, आणि बास्केटबॉलमध्ये तिचं नाव देशभर आहे असं शेजारी सांगतात. ताई विचारतात, उपनगरातल्या एका शाळेनं एवढं नाव कमावलं कसं? शाळेचा इतिहास काय? आणि खरं सांगा सर, पैसे टाकून उंच उंच पोरं गोळा करायची, एवढंच आहे का हे?

मी चौतीस वर्षं मुंबईच्या उपनगरातल्या एका मिशनरी शाळेत पी.टी.चा शिक्षक होतो. चर्चच्या मागे मातीचं कोर्ट, दोन लोखंडी खांब, पावसाळ्यात चार महिने सुट्टी. डीमॅथाचं नाव मला तिथेच कळलं, कोचिंगच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून. निवृत्तीनंतर मुलीकडे गेलो होतो तेव्हा एका रविवारी मुद्दाम ती इमारत बघून आलो. रविवार होता, त्यामुळे बंद होती. साधा रस्ता, आजूबाजूला राहती घरं, मध्ये शाळा. एवढं नाव ऐकलेलं असल्यामुळे मी उगाच भव्य काहीतरी शोधत होतो. जावई म्हणाला, "बाबा, हीच आहे."

हायट्सव्हिल हे वॉशिंग्टन शहराच्या ईशान्येला अगदी जवळ असलेलं उपनगर. आपल्याकडे मुंबई संपली कुठे आणि ठाणं लागलं कुठे हे कळत नाही, तसंच. प्रिन्स जॉर्जेस काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक परतले, सरकारी नोकऱ्या वाढल्या आणि राजधानीच्या भोवती घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या घरांतली कॅथलिक मुलं आठवीपर्यंत चर्चच्या शाळेत जायची, पुढे काय हा प्रश्न होता. तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. त्या गरजेतून १९४६ मध्ये ट्रिनिटेरियन संघाच्या धर्मगुरूंनी मोजक्या मुलांना घेऊन ही शाळा काढली आणि आपल्या संघाचे संस्थापक संत जॉन डी मॅथा यांचं नाव तिला दिलं.

हे संत बाराव्या शतकातले, दक्षिण फ्रान्सचे. त्यांच्या संघाला पोप तिसरे इनोसंट यांनी ११९८ मध्ये मान्यता दिली, आणि संघाचं काम ठरलं होतं ते कैदी सोडवण्याचं. भूमध्य समुद्रावरच्या लढायांत पकडले गेलेले लोक खंडणी भरून घरी आणायचे. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा त्यासाठी बाजूला ठेवायचा हा त्यांचा नियम होता. एका जगप्रसिद्ध स्पॅनिश लेखकाला १५८० मध्ये अल्जिअर्सच्या कैदेतून याच संघाच्या साधूनं सोडवलं. शाळेचे लाल-निळे रंग संघाच्या क्रुसावरून आलेले आहेत.

वॉशिंग्टन तेव्हा वर्णभेदाचं शहर होतं. काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या सरकारी शाळा वेगळ्या. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो भेद बेकायदा ठरवला. त्याच्या काही वर्षं आधीच, १९४८ मध्ये आलेल्या आर्चबिशप पॅट्रिक ओबॉइल यांनी शहरातल्या कॅथलिक शाळा सगळ्यांना खुल्या करायला सुरुवात केली होती. मेरीलँडच्या बाजूला हे हळूहळू झालं. पण १९६०च्या दशकात डीमॅथाच्या संघात काळी आणि गोरी मुलं एकत्र खेळत होती. आज त्या काउंटीत काळ्या मध्यमवर्गाची वस्ती मोठी आहे आणि शाळेत कॅथलिक नसलेली मुलंही पुष्कळ असतात. त्यामुळे भाच्याला धर्माची अडचण येणार नाही. धर्मशिक्षणाचा तास मात्र त्यालाही बसावा लागेल, आमच्याकडे व्हॅल्यू एज्युकेशनला बसत होते तसा.

आता मुख्य माणूस. मॉर्गन वूटन.

१९५६ मध्ये हा पंचविशीतला तरुण डीमॅथात लागला. इतिहास शिकवायचा, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल दोन्ही संघ सांभाळायचे. त्याआधी वॉशिंग्टनमधल्या एका अनाथाश्रमात तो मुलांना बेसबॉल शिकवत होता. तिथल्या पहिल्या हंगामाचा हिशेब असा: सोळा सामने, सोळा पराभव. माझ्या ओळखीच्या होतकरू कोचना मी हा आकडा नेहमी ऐकवतो. ज्या माणसाच्या नावावर पुढे १,२७४ विजय आणि अवघे १९२ पराभव लागले, त्याची सुरुवात शून्य-सोळा अशी झाली होती. २००२ मध्ये त्यानं निवृत्ती घेतली तेव्हा एकाच शाळेत शेहेचाळीस हंगाम झाले होते.

आणि त्या सगळ्यांत लोकांना तारखेनिशी आठवतो तो एक सामना. ३० जानेवारी १९६५.

न्यूयॉर्कमध्ये पॉवर मेमोरियल नावाची शाळा होती. तीही कॅथलिकच, ब्रदर्सनी चालवलेली. त्यांच्याकडे ल्यू अल्सिंडर नावाचा सात फुटांचा मुलगा होता. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमधला दिग्गज करीम अब्दुल-जब्बार म्हणून जगानं ओळखला तोच. त्याच्या जोरावर पॉवरनं ओळीनं एकाहत्तर सामने जिंकले होते. आदल्या वर्षी, १९६४ मध्ये, डीमॅथानं त्यांना झुंज दिली होती, पण ६५-६२ असे हरले. वूटन यांनी वर्षभर तो सामना डोक्यात घोळवला असणार. सात फुटांच्या मुलाची उंची कमी करता येत नाही. पण आपल्या मुलांच्या डोळ्यांना आणि हातांना त्या उंचीची सवय लावता येते.

त्यांनी सरावाला टेनिसची रॅकेट आणली. संघातले सर्वांत उंच दोघे, बॉब व्हिटमोर आणि सिड कॅटलेट, दोघेही साडेसहा फुटांच्या वरचे. एकानं रॅकेट हातात धरून रिंगखाली उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्या रॅकेटवरून चेंडू टाकायचा. नेहमीसारखा सपाट टाकला की रॅकेट त्याला अडवणार. मग आपोआप हात वर जातो, चेंडूची कमान उंच होते. आठवड्याभरात मुलांचा शॉट बदलतो आणि मुख्य म्हणजे भीती जाते. सामन्यात समोर अल्सिंडरचा हात आला तेव्हा तो हात त्यांनी आधीच पाहिलेला होता, जाळीसकट.

बचावाची आखणीही तितकीच साधी. अल्सिंडरच्या मागे एक उभा, पुढेही एक. चेंडू त्याच्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही, पोचलाच तर अवघड जागी. आणि शॉट चुकला की चेंडूकडे बघत बसायचं नाही, आधी आपला माणूस पाठीनं अडवायचा. आमच्या शाळेत मी हे "आधी पाठ, मग चेंडू" असं शिकवायचो.

सामना मेरीलँड विद्यापीठाच्या कोल फील्ड हाउसमध्ये झाला. साडेबारा हजार प्रेक्षक. दोन शाळांच्या पोरांचा सामना बघायला! डीमॅथा ४६, पॉवर ४३. अल्सिंडरला सोळा गुणांवर रोखलं. एकाहत्तर विजयांची माळ तुटली आणि दुसऱ्या दिवशीपासून हायट्सव्हिल हे नाव अमेरिकेतल्या प्रत्येक कोचला पाठ झालं. ४६-४३ हा गुणफलक बघून आजच्या मुलांना हसू येतं. तेव्हा तीन गुणांचा शॉट नव्हता आणि शाळेच्या सामन्यात चेंडू टाकायला वेळेचं बंधनही नव्हतं. चेंडू हातात धरून बसणं हेही एक शस्त्र होतं.

हा रॅकेटचा प्रकार वाचल्यावर मला चैन पडेना. आमच्या शाळेत टेनिसची रॅकेट कुठून येणार? बॅडमिंटनची होती, पण ती क्रीडा विभागाच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली कायम दुसऱ्याकडे. शेवटी शिपाईमामांकडून अंगण झाडायचा खराटा मागून घेतला. आमचा सगळ्यांत उंच मुलगा पाच फूट दहाचा. त्याच्या हातात खराटा देऊन रिंगखाली उभा केला. पोरं पोट धरून हसली. दोन दिवसांत कोर्टावर खराट्याच्या काड्याच काड्या झाल्या, मामा माझ्यावर चिडले, पण दहाव्या दिवशी आमच्या पोरांच्या चेंडूची कमान वर गेली होती. त्या वर्षी आम्ही विभागीय स्पर्धेत पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेलो. हरलो तिथे, ते वेगळं.

तो सामना जिंकणाऱ्या शाळेचं काय झालं ते तर आपण बघतोच आहोत. हरलेल्या शाळेचंही ऐका. पॉवर मेमोरियल १९८४ मध्ये बंद पडली. एकाहत्तर विजय, अल्सिंडरसारखा विद्यार्थी, न्यूयॉर्कसारखं शहर, आणि तरी बंद. म्हणून ताई, "खेळात नाव आहे म्हणजे शाळा मजबूत आहे" असं कुणी म्हटलं की मला पॉवर आठवते. डीमॅथा टिकली याचं कारण मला १९६५ मध्ये सापडत नाही. ते पुढच्या तीस वर्षांत सापडतं, आणि तेही मैदानावर नाही, राखीव खेळाडू बसतात त्या बाकावर.

१९६१पासून सुमारे तीस वर्षं डीमॅथाच्या बास्केटबॉल संघातल्या बारावीच्या प्रत्येक मुलाला कॉलेजची पूर्ण शिष्यवृत्ती देऊ करण्यात आली. पूर्ण म्हणजे फी, राहणं, जेवण सगळं. प्रत्येक म्हणजे खरोखर प्रत्येक, पाच मुख्य खेळाडू आणि त्यांच्या मागे बसणारेही. ज्याला हंगामात जेमतेम मिनिटं मिळाली तोही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छापण्यात चूक वाटली होती. आपल्याकडे दहावीला क्रीडागुण मिळतात तेवढ्यासाठी आम्ही कागदपत्रं घेऊन किती फेऱ्या मारतो! तिथे एक कोच दरवर्षी संघातल्या बाराव्या, म्हणजे अगदी शेवटच्या मुलासाठी कॉलेजांना पटवत होता आणि कॉलेजं पटत होती. का पटत होती? माझा अंदाज असा: या मुलाला पाठ कशी लावायची, पास कधी द्यायचा, चुकल्यावर तोंड कसं ठेवायचं हे सगळं शिकवलेलं आहे, ही खात्री. चार वर्षं रोज अव्वल पाच जणांविरुद्ध सराव करणारा मुलगा बाकावर बसला तरी कच्चा राहत नाही.

मला हे वाचून लाज वाटली होती, आणि ती का ते सांगतो. माझ्या संघात एक मुलगा होता. नाव सांगत नाही, आज तो चांगल्या जागी आहे. आठवी ते दहावी, तीन वर्षं तो संघात होता. सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा, पाण्याच्या बाटल्या भरायचा, चेंडूत हवा भरून ठेवायचा. तीन वर्षांत मी त्याला सामन्यात किती वेळ खेळवलं असेल? पुरती दहा मिनिटंही नाही. एका सामन्यात आम्ही वीस गुणांनी पुढे होतो, दीड मिनिट उरलं होतं. तो बाकावर बुटाची नाडी बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. मला दिसत होतं. पण त्या घाईत मी दुसऱ्याच कुणाला तरी आत पाठवलं. कोणाला ते आठवतही नाही. त्याची नाडी मात्र आठवते.

वूटन यांची मुलांना सांगितलेली क्रमवारी ठरलेली असे: आधी देव, मग कुटुंब, मग शाळा, आणि चौथ्या क्रमांकावर बास्केटबॉल. हे भिंतीवर लिहायला कुणालाही जमतं. हा माणूस तसा वागला की नाही हे तपासायचं तर १९८० साल बघा. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाची कोचची जागा रिकामी झाली आणि ती वूटन यांच्यापुढे ठेवली गेली. वूटन यांचा जन्मही त्याच राज्यातला, डरॅमचा. विद्यापीठाचा कोच म्हणजे पैसा, टीव्ही, प्रतिष्ठा. त्यांनी नाही म्हटलं आणि इतिहासाच्या तासाला परत गेले. ती जागा मग जिम वाल्व्हानो यांना मिळाली. १९८३ मध्ये वाल्व्हानोंच्या संघानं अंतिम सामन्यात बलाढ्य ह्यूस्टनला ५४-५२ असं हरवलं. कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वांत मोठा धक्का म्हणून तो सामना अजून दाखवतात. शेवटच्या सेकंदाला डेरेक व्हिटेनबर्गनं लांबून मारलेला चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही, आणि लोरेन्झो चार्ल्सनं तो हवेतच पकडून आत घातला. त्या संघाचा चेंडू सांभाळणारा सिडनी लो आणि तो तोकडा शॉट मारणारा व्हिटेनबर्ग, दोघेही डीमॅथाचे. तिसरा मोठा खेळाडू थर्ल बेली, तोही प्रिन्स जॉर्जेस काउंटीचाच, पण दुसऱ्या शाळेतला. नोकरी वूटननी नाकारली, पोरं मात्र त्यांचीच तिथे जाऊन जिंकली.

आता ताईंचा शेवटचा प्रश्न. उंच पोरं गोळा करतात का?

काही अंशी हो. तिथली सरकारी शाळा आपल्या हद्दीतल्या मुलांनाच घेऊ शकते. कॅथलिक शाळेला हद्द नाही. तासभर बस-मेट्रोचा प्रवास करून मुलं येतात. एकदा नाव झालं की चांगला खेळणारा मुलगा आपोआप त्या दाराशी येतो, आणि आला की त्याला नको म्हणणारा कोच मी तरी पाहिलेला नाही. वॉशिंग्टनच्या कॅथलिक शाळांची आपसातली लीग देशातल्या सर्वांत कडव्या लीगपैकी मानली जाते, त्याचं एक कारण हेच. सरकारी शाळांचे कोच याबद्दल कुरकुरतात, आणि त्यांच्या जागी असतो तर मीही कुरकुरलो असतो.

पण मग मार्केल फुल्ट्झचं काय करायचं? हा काउंटीतलाच मुलगा. दहावीत होता तेव्हा त्याला डीमॅथाच्या मुख्य संघात घेतलं नाही. उंची साधारण पाच फूट नऊ इंच. दुसऱ्या संघात, ज्याला ते जेव्ही म्हणतात, तिथे खेळ म्हणाले. कुठलाही बाप त्या दिवशी शाळा बदलायला निघाला असता. हा थांबला. उंची वाढली, खेळ वाढला, अकरावीला मुख्य संघात आला, आणि २०१७ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, निवडीत संपूर्ण देशातून पहिल्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं गेलं. म्हणजे उंच पोरं गोळा करणाऱ्या शाळेनं देशातला पहिला खेळाडू हातात असताना दुसऱ्या संघात बसवला होता! यात त्यांची नजर चुकली असं म्हणा हवं तर. मला त्यात दुसऱ्या संघाचा कोच दिसतो, ज्यानं त्या मुलाला वर्षभर नीट शिकवलं. बहुतेक शाळांत दुसरा संघ म्हणजे उरलेल्यांची पाठवणी. आमच्याकडे तर तो नुसता कागदावर असायचा, गणवेशही नसायचा.

बाकीची नावं भरभर सांगतो, नाहीतर यादीच होईल. एड्रियन डँटली, १९७६च्या ऑलिंपिक सुवर्णपदक संघातला, पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला. डॅनी फेरी. व्हिक्टर ओलाडिपो, पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या आई-वडिलांचा मुलगा, २०१३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. जेरामी ग्रँट. अमेरिकन फुटबॉलमध्ये ब्रायन वेस्टब्रुक आणि चेस यंग. टीव्हीवर खेळांचं निवेदन करणारे जेम्स ब्राउनही इथलेच. इथून हार्वर्डला गेले आणि तिथेही बास्केटबॉल खेळले. स्वतः वूटन यांना २०००मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. शाळेच्या पातळीवर राहिलेल्या कोचला हा मान फार क्वचित मिळतो, बहुतेक जण कॉलेजचे किंवा व्यावसायिक संघांचे असतात. कॉलेज बास्केटबॉलचे भीष्माचार्य जॉन वूडन म्हणायचे की कुठल्याही पातळीवर यांच्याहून चांगला कोच मला ठाऊक नाही.

पण शाळा म्हणजे एक माणूस नव्हे, आणि इथे मला मुख्याध्यापकांबद्दल बोलायचंय, कारण आपल्याकडे त्यांचं नाव कुणी घेत नाही. १९६८ मध्ये जॉन मॉयलन मुख्याध्यापक झाले. धर्मगुरू नव्हेत, साधे संसारी शिक्षक. बत्तीस वर्षं त्या खुर्चीत राहिले. मिशनरी शाळेत काम केलेल्यांना यातलं महत्त्व लगेच कळेल. आमच्याकडे दर चार-सहा वर्षांनी फादर बदलायचे. एका फादरना खेळ प्रिय, दुसऱ्यांना गायन, तिसऱ्यांना फक्त निकाल. प्रत्येक बदलीला मैदानाची वेळ नव्यानं मागायची. डीमॅथात कोच शेहेचाळीस वर्षं आणि मुख्याध्यापक बत्तीस वर्षं, त्यातली बहुतेक एकत्र. मॉयलन यांच्या काळात शाळेला अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा ब्लू रिबन सन्मान दोनदा मिळाला, आणि तो खेळासाठी देत नाहीत. जॉन मिचेल यांनी उभा केलेला वाद्यवृंदही त्याच काळातला, आणि शाळेतली कितीतरी मुलं त्यात वाजवतात. बक ऑफट नावाचे इंग्रजीचे शिक्षक होते, कडक म्हणून प्रसिद्ध, आणि संध्याकाळी तेच कुस्तीचे कोच. सकाळी व्याकरण आणि सायंकाळी कुस्तीचे डाव एकाच माणसाकडून शिकायचे! वूटनही इतिहास शिकवायचे, हे पुन्हा सांगतो. सकाळी तासाला गृहपाठ न आणणारा मुलगा संध्याकाळी कोर्टावर त्याच माणसासमोर उभा राहणार, पळणार कुठे? आजकाल आपल्याकडे बाहेरून तासावर कोच आणतात. चांगले असतात बिचारे, पण मुलगा गणितात नापास झालाय हे त्यांना सामन्याच्या आदल्या दिवशी कळतं.

१९९६ मध्ये वूटन यांचं यकृत निकामी झालं. ऐन वेळी प्रत्यारोपण झालं आणि वाचले, आणि त्याच हिवाळ्यात पुन्हा संघासोबत उभे राहिले. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या मुलाचा, जो वूटन यांचा, संघ समोर असायचा. तो वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनमधल्या बिशप ओकॉनेल शाळेचा कोच, त्याच लीगमधला. घरी जेवणाच्या टेबलावर काय बोलत असतील कोण जाणे. वूटन जानेवारी २०२० मध्ये अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेले. त्यांच्यानंतर माइक जोन्स यांनी संघ घेतला आणि जवळजवळ वीस वर्षं चालवला. ओलाडिपो आणि फुल्ट्झ त्यांच्याच हाताखालचे. म्हणजे मोठा माणूस गेल्यावर घर बसलं नाही.

आता भाच्याबद्दल. पाच फूट सहा, तेरा वर्षं. मुख्य संघात नववीत घेतील ही आशा सोडा, तिथे फुल्ट्झला दहावीत घेतलं नव्हतं. नववीच्या संघाच्या चाचणीला जाऊ द्या. घेतलं नाही तर कुस्ती आहे, धावणं आहे, वाद्यवृंद आहे. फी भरपूर आहे आणि दरवर्षी बदलते, ती शाळेलाच विचारा. मदतीचा अर्ज मात्र पहिल्याच दिवशी मागून घ्या, लाजू नका, तिकडे सगळे मागतात. प्रवेश परीक्षा असते. नागपूरच्या गणितावर ती त्याला जड जाऊ नये, इंग्रजी निबंधाकडे थोडं लक्ष द्या.

आणि शाळा बघायला जाल तेव्हा ट्रॉफ्यांचं कपाट दाखवतील, ते बघा, फोटो काढा. पण त्यानंतर विचारा की दुसऱ्या संघाचा सराव कधी असतो, थोडा वेळ बसलं तर चालेल का. बसू दिलं तर चेंडूकडे बघू नका. सर्वांत बुटका, सर्वांत मागे उभा असलेला मुलगा शोधा. कोच त्याच्याशी किती वेळा बोलतो ते मोजा. नावानं हाक मारतो का बघा. चुकल्यावर थांबवून पुन्हा करून दाखवतो का ते बघा. दादांना सांगा, मला कळवा. माझ्या चौतीस वर्षांत कुणी माझ्या सरावाला येऊन असं मोजलं असतं तर माझा आकडा बरा आला नसता.

तोवर घरी सराव करायचा असेल तर वहिनींकडून एक लांब दांड्याचा झाडू मागून घ्या. दादांनी तो उंच धरून रिंगखाली उभं राहायचं आणि भाच्यानं त्यावरून चेंडू टाकायचा, रोज पन्नास. तिकडच्या झाडूच्या काड्या गळत नाहीत, हे मी पाहून आलोय.